आबांचा रकाना

आमच्या इमारतीत कोणी नवीन भाडेकरू आला, किंवा कोणाकडे लग्न निघालं आणि पाहुण्यांना झोपवायचं कुठे असा प्रश्न पडला, की माझ्याकडे बोलावणं येतं. "काका, जरा येऊन बघा ना, घरात पाय ठेवायला जागा नाही." मी जातो. चष्मा पुसतो, चारी भिंती बघतो आणि सांगायला लागतो. जमिनीवर काही ठेवू नका, भिंती वापरा. रोज लागणारी वस्तू कमरेच्या वर आणि डोळ्यांच्या खाली. जो सगळ्यात आधी घराबाहेर पडतो त्याचं सामान दाराजवळ. कपड्यांची दोरी खोलीच्या मधून आडवी बांधू नका, भिंतीलगत बांधा. कामं लिहून काढा, आणि दोन कामांच्या मधे पाव तास मोकळा सोडा, नाहीतर एक काम लांबलं की सगळा दिवस घसरतो. लोक माना डोलावतात. "तुम्हाला हे कसं हो सुचतं?" असं कोणी विचारलं की मी हसून वेळ मारून नेतो.

कारण ते जिथे सुचलं, त्या खोलीची आठवण निघाली तरी मला लाज वाटते. थोडीथोडकी नाही, मान खाली जाईल इतकी. बायकोलाही मी पूर्ण सांगितलेलं नाही. तिला एवढंच माहीत आहे की लग्नाआधी मी सामरवरणीला एका चाळीत सहाजणांत राहत होतो.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. सिल्वासाच्या आसपास कारखान्यांमागून कारखाने उभे राहत होते आणि आमच्या खानदेशातली पोरं पिशवी उचलून तिकडे निघत होती. मी धुळ्याकडचा, आयटीआय झालेला, वय तेवीस. राखोलीला एका दोऱ्याच्या कारखान्यात ठेकेदारामार्फत लागलो. खोलीत आम्ही सहाही जण तिथलेच. तीन पाळ्या: सकाळी सात ते तीन, तीन ते अकरा, आणि अकरा ते सकाळी सात. खोली दहा बाय बाराची. त्यात सहा पत्र्याच्या पेट्या, एक स्टोव्ह, रॉकेलचा डबा, पाण्याचं पिंप, मधून आडवी दोरी, दोरीवर सहाजणांचे कपडे. एकाची चप्पल दुसऱ्याच्या उशाला. पहिल्या पाळीवाला पहाटे उठून आपली पँट शोधायचा तेव्हा रात्रीपासून झोपलेल्यांच्या अंगावर पाय देत फिरायचा आणि मग शिव्यांचा पाऊस. रोज सकाळी कोणाचं तरी काहीतरी हरवलेलं असायचं.

मला ते बघवेना. मुळातच मी जरा आगाऊ. एका सुट्टीच्या दिवशी सगळ्यांना बाहेर काढलं, सामान ओट्यावर आणलं आणि खोली धुऊन काढली. पेट्या दोनावर दोन रचल्या. भिंतीत दर माणशी एक खिळा ठोकला. ज्याचं त्याने आपल्याच खिळ्याला अडकवायचं. डाळ-तांदळाला एकसारखे डबे आणले. रात्री चौघांना धड पाठ टेकता येईना अशा खोलीत आता चार वळकट्या ऐसपैस पसरल्या जाऊ लागल्या. आणि मग मी केलं पत्रक. मोठा पांढरा कागद, सहा रकाने, प्रत्येकाच्या नावाखाली चोवीस तास. कोणी कधी झोपायचं, कोणी पाणी भरायचं, कोणी स्वयंपाक करायचा, मोरी कोणी कधी वापरायची, सगळं. लाल शाईने रेघा मारल्या आणि दाराच्या आतल्या बाजूला डकवलं.

आठ दिवसांत खोलीचं रूप पालटलं. भांडणं थांबली. चाळीचे मालक गुजराती शेठ, ते एकदा डोकावले आणि म्हणाले, "आ तो बहु सरस छे!" मग ते दुसऱ्या खोल्यांतल्या लोकांना आणून आमची खोली दाखवू लागले. तीन खोल्यांनी माझ्याकडून पत्रकं करून घेतली. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. पत्रकाची एक नक्कल घडी घालून मी खिशात ठेवू लागलो, म्हणजे कोणी विचारलं की दाखवायला बरी. शिंगं फुटणं म्हणतात ना, ती मला फुटली होती.

आता आबा. आबा आमच्यात वयाने सगळ्यांत मोठे, पंचेचाळीस-सेहेचाळीसचे, साक्रीकडचे. आयुष्यभर साखर कारखान्यात हंगामी राहिलेले. हंगाम संपला की घरी, पुढच्या वर्षी बोलावलं तर जायचं. त्यांना एकच हवं होतं, कायम व्हायचं होतं. आमच्याकडे ठेकेदाराच्या माणसाचं काम सहा महिने बिनतक्रार झालं की साहेब त्याला कंपनीच्या हजेरीवर घ्यायचे. आबांचे पाच महिने झाले होते. कायम झाले की बायको आणि मुलगी इकडे आणायच्या; दोघी मेव्हण्याच्या घरी राहत होत्या आणि तिथे रोज काय ऐकून घ्यावं लागतं ते आबा सांगत नसत, पण पत्र आलं की दोन दिवस गप्प असत. खेरडीच्या बाजूला एक खोली त्यांनी बघूनसुद्धा ठेवली होती. "आत मोरी शे," एवढंच ते त्या खोलीबद्दल सांगायचे, पण रोज सांगायचे. आम्ही त्यांना चिडवायचो, "आबा, मोरी घेताय की खोली?" ते हसायचे.

मी तेव्हा पत्राने एक डिप्लोमा करत होतो. रात्रपाळी आली की माझा आठवडा वाया जायचा. मी आबांना विचारलं, "आबा, माझ्या रात्रपाळ्या तुम्ही घ्याल का?" साहेबांना अदलाबदल चालत होती. आबा लगेच हो म्हणाले. "शिकी ले भाऊ. मन्हं काय, मशीनजोडे रातले गार वाटस." असे आबा कायमचे रात्रपाळीवर गेले, आणि मी सकाळ-दुपारच्या पाळ्यांत.

इथेच मी पहिली माती खाल्ली. बाकीच्यांच्या पाळ्या दर आठवड्याला फिरायच्या, त्यामुळे त्यांच्या रकान्यात काम लिहिलं की पुढच्या आठवड्याला खोडावं लागायचं. आबांचा रकाना मात्र बदलत नव्हता. रोज सकाळी आठला खोलीवर, रोज रात्री दहाला बाहेर. पत्रक करणाऱ्याला याहून सोयीचं काय असणार? शेठ बोअरची मोटर सकाळी साडेनऊ ते अकराच्या मधे कधीतरी चालवायचे, तेव्हा रांगेत उभं राहायला आबा. दुपारपाळीवाले जेवून निघायचे, तर एक वाजता भात-वरण टाकायला आबा. रॉकेलची गाडी आली, आबा. पोस्टमन आला, आबा. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, "लिखी टाक. मी तं दिनभर घरमाच शे."

दिवसभर घरातच! रात्रपाळीच्या माणसाचा दिवस म्हणजे त्याची रात्र, हे मला कळत नव्हतं असं नाही. मी स्वतः रात्रपाळ्या केल्या होत्या. पण रकाना पांढरा दिसला की माझा हात शिवशिवायचा. आबांची झोप मी अशी लिहिली होती: आठ ते साडेनऊ, अकरा ते एक, पाच ते साडेआठ. बेरीज सात तास. सात तास झोप म्हणजे काय कमी झाली का, असं मी वर ऐकवायचो. तीन ते पाच त्यांनी पडायचं नाही, कारण तेव्हा पहिल्या पाळीचे दोघे कामावरून येऊन पाठ टेकायचे. पाच ते साडेआठ खोलीत स्टोव्ह पेटलेला, रेडिओ चालू, पत्त्यांचा डाव. त्यात आबा भिंतीकडे तोंड करून, डोक्यावर टॉवेल घेऊन पडायचे. दुपारपाळीच्या आठवड्यात माझ्या रकान्यात सकाळी नऊ ते बारा काय होतं? "अभ्यास."

महिन्याभरात आबा सुकले. डोळे लाल. हातातून वस्तू पडायच्या. एकदा मला सुट्टी होती, मी ओट्यावर बसलो होतो. आबा पाण्याच्या रांगेत बादली पालथी घालून तिच्यावर बसले होते आणि बसल्या बसल्या झोपले. रांग त्यांच्या बाजूने पुढे सरकून गेली. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. "ओ आबा, मोटर बंद झाली!" असं कोणीतरी ओरडलं तेव्हा ते दचकून उठले आणि रिकामी बादली घेऊन माझ्याकडे बघत राहिले. मीही हसलो. हसलो हे खरं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी ते माझ्याशेजारी येऊन बसले. बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, पाण्याचं काम पंधरा दिवस दुसऱ्या कोणाला देता येईल का. मी कपाळाला आठ्या घातल्या. "आबा, एक काम हलवलं की सगळं पत्रक बदलावं लागतं. सहाही रकाने." आबा म्हणाले, "र्‍हाऊ दे मंग." आणि उठून गेले. एवढंच. सहा रकाने पुन्हा लिहायला मला फार तर अर्धा तास लागला असता.

मग व्हायचं ते झालं. पहाटे मशीनपाशी उभ्या उभ्या आबांचा डोळा लागला आणि दोरा तुटून चार कोनांचा, म्हणजे दोरा गुंडाळलेल्या रिळांचा, गुंता झाला. पाळीच्या इन्चार्जने पकडलं. दुपारी मी कामावर चढायच्या आधी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आबा तिथे टोपी हातात घेऊन उभे होते. सकाळपासून तिथेच असावेत. साहेब माणूस वाईट नव्हता. ते आबांना विचारत होते आणि आबा मोडक्या हिंदीत सांगत होते, "साब, दिन में नींद होता नहीं. पानी भरना पडता, रसोई करना पडता."

साहेब माझ्याकडे वळले. "तुम एक ही कमरे में रहते हो ना? ये सच बोल रहा है क्या? अगर ऐसा है तो इसकी पाली बदल देंगे, एक मौका दे देंगे. झूठ है तो गेट बंद."

प्रश्न सरळ होता. हो म्हटलं असतं की काम झालं होतं. पण त्या दोन क्षणांत माझ्या डोक्यात काय काय आलं ते मी आज लपवणार नाही. एक, आबांची पाळी बदलली की माझ्या रात्रपाळ्या माझ्याकडे परत येणार. दोन, आणि हे जास्त लाजिरवाणं आहे, आबा माझ्या पत्रकाला नावं ठेवत होते. साहेबांसमोर. ज्या पत्रकाचं सगळ्या चाळीत कौतुक होतं त्याला! मला राग आला. खरंच राग आला. मी खिशातून घडी काढली, टेबलावर उलगडली आणि आबांच्या रकान्यावर बोट ठेवलं. "सर, ये दिन में सात घंटा सोते हैं. ये देखिए, लिखा हुआ है."

साहेबांनी कागद उचलला. बराच वेळ बघितला. "ये तुमने बनाया?" त्यांनी विचारलं, आणि आवाजात कौतुक होतं. मला ते कौतुक गोड लागलं, अशा वेळीसुद्धा. आबा कागदाकडे बघत होते. त्यांना वाचता येत होतं. साहेबांनी गेट बंद म्हणून सांगितलं तेव्हा ते टोपी घालून बाहेर पडले.

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे मनात राहायला नको. त्या कागदावरून साहेबांनी मला पाळ्यांची यादी करायच्या कामावर घेतलं. मशीन सुटलं, टेबल मिळालं. डिप्लोमा झाल्यावर मी कायम झालो, पुढे नव्वदच्या दशकात त्याच कामावर बढती मिळाली, आणि आजचं हे घर त्यातूनच उभं राहिलं. आबा पुन्हा साखर कारखान्याच्या हंगामावर गेले असं गावाकडच्या एकाने सांगितलं. बायको-मुलगी मेव्हण्याकडेच राहिल्या. नंतर मी विचारायचं सोडून दिलं. कोणी सांगू लागलं तर विषय बदलायचो.

केबिनमधल्या त्या दिवसाचं मी स्वतःला कितीदा तरी समजावलं आहे. वय लहान होतं, घाबरलो, तोंडातून गेलं. माणूस स्वतःची समजूत काढण्यात पटाईत असतो. पण दुसऱ्या दिवशीच्या सकाळची समजूत मला आजवर काढता आलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा पाण्याला गेले नाहीत. पेटीतून आपले कपडे काढून त्यांनी एका चादरीत बांधले. पहिल्या पाळीचे कामावर गेले होते, रात्रपाळीवाला एक तोंडावर चादर ओढून झोपला होता. मी भिंतीला टेकून पुस्तक उघडून बसलो होतो. आबा दारापाशी थांबले, पत्रकाकडे बघितलं आणि म्हणाले, "चांगलं शे रे भाऊ हाई. मन्हं आंगच त्यामा बसनं नही." टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

मग ते माझ्यासमोर उकिडवे बसून सांगू लागले. साहेब दहाला येतात, अजून यादीवरून नाव काढलेलं नाही, वॉचमन तसं सांगत होता. तू आज माझ्याबरोबर चल. काल काय बोललास ते राहू दे. नुसतं पाण्याचं सांग. "येस का?" येतोस का, एवढंच त्यांनी विचारलं.

मी पुस्तकातून मान वर केली नाही. म्हणालो, "आबा, नऊ ते बारा माझा अभ्यास असतो. बारानंतर बघू."

"बरं," आबा म्हणाले.

ते बोचकं घेऊन बाहेर गेले. मला वाटलं गेले. पण ते पायरीवर बसले होते. अर्ध्या उघड्या दारातून त्यांची पाठ दिसत होती. पाण्याची मोटर चालू झाली, रांग लागली, बायकांची भांडणं झाली, मोटर बंद झाली. दहा वाजले, अकरा वाजले. ते बारा वाजायची वाट बघत होते. मी बारानंतर बघू म्हटलं होतं आणि त्यांनी ते खरं मानलं होतं. माझ्यासमोर तेच पान उघडं होतं, एक ओळही डोक्यात शिरत नव्हती.

जवळच्या कुठल्यातरी कारखान्याचा बाराचा भोंगा झाला. आबा उठले. दारात आले. "भाऊ, बारा वाजनात," ते हळूच म्हणाले, आत झोपलेल्याची झोप मोडू नये म्हणून.

मी म्हणालो, "जेवून घेऊ द्या, आबा. मग पाळीची वेळ होते. उद्या बघू."

आबा दारातून मागे सरले. मग बोचकं खांद्यावर टाकून चालू लागले. आमच्या खोलीपासून रस्त्यापर्यंत लांबलचक आवार होतं आणि आबा सावकाश चालायचे. मी दारापर्यंत जाऊन त्यांना पाठमोरं बघत होतो. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, आणि ते थांबले असते. रस्त्यापर्यंत पोचायला त्यांना बराच वेळ लागला.